चाप ओढल्यानंतर

चाप ही निर्णय आणि कृती यांच्यामधली फार अरुंद जागा आहे. बोट दोन-तीन मिलिमीटर मागे सरकते, आणि त्यापुढे जे घडते त्यावर बोटाचा ताबा उरत नाही. किती वेळ चालायचे, कुठे थांबायचे आणि काही बिघडलेच तर कोणत्या बाजूला बिघडायचे, या तीन प्रश्नांची उत्तरे चांगला चाप आधीच ठरवून ठेवतो. खेळातल्या बंदुकीसाठी थोड्या पैशांत घरी जोडलेला, प्रोग्राम करता येणारा इलेक्ट्रॉनिक चाप हे या विचाराचे एक लहान आणि स्वच्छ उदाहरण आहे. ते नीट समजले की नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगरच्या शिवारात विहिरीवर आणि कुंपणावर रोज चालणाऱ्या यंत्रांचे मर्मही उलगडते, कारण त्यांच्यापुढचे प्रश्न हेच तीन आहेत.

एअरसॉफ्ट हा खेळ १९७०च्या दशकात जपानमध्ये रुजला. त्यातली बंदूक सहा मिलिमीटर व्यासाची प्लास्टिकची गोळी हवेच्या दाबाने फेकते. १९९१ साली टोकियो मारुई या जपानी कंपनीने मोटारीवर चालणारी बंदूक बाजारात आणली आणि खेळाचे स्वरूप पालटले. नेहमीच्या गोळीचे वजन ०.२० ग्रॅम असते. ती सेकंदाला १०० मीटर वेगाने सुटली तर तिच्यात १ ज्यूल ऊर्जा असते. साध्या एअर रायफलच्या मानाने ही ऊर्जा बरीच कमी आहे. तरीही उघड्या डोळ्यावर बसली तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून संरक्षक गॉगलशिवाय हा खेळ खेळू नये.

महाशिवरात्रीला हिमायतनगरात, म्हणजे जुन्या वाढोण्यात, परमेश्वराची यात्रा भरते. अशा यात्रांमध्ये फुगे फोडायला जी छऱ्याची बंदूक मिळते, तिच्यात स्प्रिंग ओढण्याचे काम हात करतो. नळी मोडून स्प्रिंग ताणायची, छरा घालायचा, नेम धरायचा आणि चाप ओढायचा. चापाचे काम एवढेच की ताणलेल्या स्प्रिंगची अडणी सोडायची. एका ओढीला एक छरा, आणि पुढच्या छऱ्याआधी हाताला पुन्हा कष्ट. तिथे थांबणे वेगळे शिकवावे लागत नाही. हाताचे कष्ट संपले की बंदूक आपोआप गप्प होते.

विजेच्या बंदुकीत हे कष्ट मोटार करते आणि थांबण्याचा प्रश्न तिथूनच सुरू होतो. मोटार तीन दातेरी चक्रे फिरवते. शेवटच्या चक्राच्या परिघावर अर्ध्याच भागाला दाते असतात. दाते असलेला भाग पिस्टनला मागे खेचतो आणि स्प्रिंग दाबली जाते. दाते संपले की पिस्टन सुटतो, पुढे धावतो, नळकांड्यातली हवा दाबतो आणि ती हवा गोळीला ढकलते. चक्राची एक फेरी म्हणजे एक गोळी. सेकंदाला पंधरा गोळ्या सुटत असतील तर एका फेरीला साधारण ६६ मिलिसेकंद मिळतात. माणसाची पापणी याहून सावकाश मिटते. एकच गोळी हवी असेल तर एवढ्या वेळात एक फेरी पुरी करून चक्र नेमके थांबले पाहिजे. बोट हे काम करू शकत नाही. यांत्रिक चापात ते काम चक्रावर घासत जाणारी एक लहान पट्टी करते आणि फेरी संपताच चापाचा संपर्क तोडते. ती पट्टी झिजली, सरकली किंवा तिच्यावर वंगण साचले की एका ओढीला दोन गोळ्या सुटतात, किंवा चक्र अर्ध्यात अडकते, स्प्रिंग ताणलेली राहते आणि बंदूक मुकी होते.

दुसरी अडचण संपर्काच्या ठिकाणी असते. यांत्रिक चापात मोटारीचा सगळा प्रवाह तांब्याच्या दोन पट्ट्यांमधून जातो. ११.१ व्होल्टच्या लिथियम-पॉलिमर बॅटरीवर तो सहज पंधरा-वीस अँपिअर असतो. मोटार हे तारेचे वेटोळे असल्याने वाहता प्रवाह ती एकदम सोडत नाही. पट्ट्या विलग होताना मधल्या हवेतून ठिणगी उडते, पट्ट्यांवर काजळी धरते, तांबे खडबडीत होते आणि संपर्काचा रोध वाढतो. रोध वाढला की उष्णता वाढते आणि उष्णता वाढली की पट्ट्या आणखी लवकर जळतात. ज्याने शेतातल्या मोटारीचा जुना स्टार्टर उघडून पाहिला आहे त्याला ही काजळी ओळखीची आहे. स्टार्टरचे पॉइंट जळतात ते याच कारणाने.

यावरचा उपाय म्हणजे आज्ञा आणि भार वेगळे करणे. चापाच्या पट्ट्यांनी फक्त 'ओढला' एवढाच निरोप द्यायचा आणि प्रवाह वाहून नेण्याचे काम दुसऱ्याने करायचे. स्टार्टरमध्ये हिरवे बटण नेमके हेच करते. बटणातून थोडासा प्रवाह कॉन्टॅक्टरच्या कॉईलला जातो, कॉईल जाड पॉइंट खेचते आणि मोटारीचा भार त्या पॉइंटवर पडतो. बंदुकीत कॉन्टॅक्टरला जागा नसते. तिथे मॉसफेट नावाचा नखाएवढा अर्धवाहक घटक बसतो. त्याच्या गेटवर पाच व्होल्ट दिले की तो मार्ग खुला करतो, काढले की बंद करतो. हलणारा भाग नसल्याने ठिणगीचा प्रश्न राहत नाही. चांगल्या मॉसफेटचा चालू स्थितीतला रोध दोन मिलिओहमच्या आसपास असतो. वीस अँपिअर प्रवाहाला त्यात वाया जाणारी शक्ती ०.८ वॉट भरते. पन्नास मिलिओहमपर्यंत खराब झालेल्या पट्ट्यांत तीच २० वॉट होते. म्हणजे सोल्डरिंगच्या लहान इस्त्रीएवढी उष्णता बंदुकीच्या पोटात. मोटारीच्या दोन टोकांना उलट दिशेने एक डायोड जोडला की वेटोळ्यात उरलेला प्रवाह त्यातून फिरून विझतो आणि मॉसफेटवर धक्का येत नाही.

या मंडलात एक स्वस्त पण फार मोलाचा घटक असतो. मॉसफेटच्या गेटपासून ऋण टोकाकडे जोडलेला दहा हजार ओहमचा रेझिस्टर. मंडलाला वीज मिळते त्या क्षणी गेटला आज्ञा देणारी चिप अजून जागी झालेली नसते आणि तिचे टोक अधांतरी असते. अधांतरी गेटवर भटका विद्युतभार जमला तर मॉसफेट अर्धवट उघडतो आणि कोणी बोट न लावता मोटार हलते. तो रेझिस्टर गेटला सतत शून्याकडे ओढून धरतो. आज्ञा नाही याचा अर्थ 'थांब', हे तो ठरवून टाकतो. मुदखेड ते आदिलाबाद रेल्वेमार्गावर हिमायतनगरचे स्टेशन आहे. रेल्वेच्या जुन्या हाताच्या सिग्नलची तार तुटली तर हात वजनाने आपोआप 'थांबा' या स्थितीला जातो. रेझिस्टरचे वागणे तसेच आहे. यंत्र बिघडायचेच असेल तर ते थांबलेल्या बाजूला बिघडावे, हा नियम रुपया-दोन रुपयांच्या घटकाने पाळला जातो.

येथपर्यंतचा चाप टिकाऊ झाला, पण शहाणा झाला नाही. त्यासाठी मायक्रोकंट्रोलर लागतो. एटीटायनी ८५ ही आठ पायांची चिप या कामाला पुरते. तिच्यात प्रोग्रामसाठी ८ किलोबाइट जागा आहे आणि वीज गेल्यावरही लक्षात ठेवायच्या गोष्टींसाठी ५१२ बाइट वेगळे आहेत. इटलीतल्या इव्हरेया गावी २००५ साली विद्यार्थ्यांसाठी आर्डुइनो हा प्रकल्प सुरू झाला. त्याच्या सोप्या भाषेत हा प्रोग्राम लिहिता येतो, आणि हाताशी असलेल्या आर्डुइनो बोर्डावरूनच तो चिपमध्ये उतरवता येतो. निराळे महाग यंत्र घ्यावे लागत नाही.

प्रोग्रामचा सांगाडा तीन अवस्थांचा असतो: विश्रांती, फेरी आणि ब्रेक. विश्रांतीत चिप चापाकडे पाहत राहते. चाप ओढला की फेरी सुरू होते. संपर्क पहिल्यांदा जुळताना पट्टी काही मिलिसेकंद थरथरते आणि चिपला एका ओढीच्या जागी अनेक ओढी दिसतात. म्हणून पहिला स्पर्श मान्य करायचा आणि पुढचे थोडे मिलिसेकंद डोळे मिटायचे. फेरी पुरी झाली की ब्रेक, आणि मग पुन्हा विश्रांती. एका ओढीला एक गोळी, तीन गोळ्यांचा झटका की चाप धरून ठेवेपर्यंत सलग मारा, हा फरक प्रोग्राममधल्या एका आकड्याचा आहे. बॅटरी जोडताना चाप दाबून धरला तर चिप 'बदल करायचा आहे' असे समजते, आणि निवडलेला आकडा कायमच्या स्मृतीत लिहून ठेवते.

फेरी पुरी झाली हे चिपला कळणार कसे, हा या रचनेतला कळीचा प्रश्न. सर्वांत स्वस्त मार्ग वेळ मोजण्याचा. एका फेरीला ६६ मिलिसेकंद लागतात, तेवढा वेळ मोटार चालवायची आणि थांबवायची. कागदावर हे पटते. मैदानात टिकत नाही. बॅटरी भरलेली असते तेव्हा चक्र लवकर फिरते, उतरत आली की रेंगाळते. थंडीत वंगण घट्ट होते. नवी स्प्रिंग जास्त ओढ मागते. वेळ तीच राहते आणि चक्र दर वेळी निराळ्या ठिकाणी थांबते. म्हणून चक्राला डोळा द्यावा लागतो. चक्रावर छोटे चुंबक चिकटवून समोर चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर बसवता येतो, किंवा प्रकाशाच्या झोताआड चक्राचा उंचवटा आला की इशारा देणारा ऑप्टिकल सेन्सर लावता येतो. असा डोळा आला की चिप अंदाजाने वागणे सोडते आणि घडलेले पाहून ठरवते. सेन्सर बंद पडला तर काय, याचेही उत्तर लिहून ठेवावे लागते: ठरलेल्या वेळेच्या दुप्पट काळ गेला आणि इशारा आला नाही, तर मोटार बंद करायची आणि चाप सोडेपर्यंत पुन्हा चालू करायची नाही.

वीज तोडली म्हणून मोटार लगेच थांबत नाही. ती गतीने थोडी पुढे सरकते. ते सरकणे रोखण्यासाठी मोटारीची दोन्ही टोके दुसऱ्या मॉसफेटने एकमेकांना जोडतात. फिरती मोटार तेव्हा जनित्र बनते, आपल्याच प्रवाहाविरुद्ध झगडते आणि पटकन उभी राहते. दोन्ही मॉसफेट एकाच क्षणी उघडे राहिले तर बॅटरी थेट शॉर्ट होते; म्हणून एक बंद करून दुसरा उघडण्यामध्ये प्रोग्रामने थोडी सुनी जागा ठेवायची असते.

थांबण्याचे आणखी एक कारण बॅटरी असते. लिथियम-पॉलिमरच्या एका सेलचा भरलेला व्होल्टेज ४.२ असतो. तो साधारण तीनच्या खाली नेला तर सेल कायमचा खराब होतो, फुगतो आणि पुढे चार्जिंगच्या वेळी पेट घेऊ शकतो. दोन रेझिस्टरांनी विभागलेला व्होल्टेज चिपने मोजत राहायचा आणि मर्यादा आली की मोटार नाकारायची.

यातला सर्वांत नाजूक प्रसंग मोटार सुरू होण्याच्या क्षणी येतो. मोटार उभी असताना सर्वांत जास्त प्रवाह खेचते, बॅटरीचा व्होल्टेज एकदम खाली जातो, आणि त्या खड्ड्यात चिप बेशुद्ध होऊन प्रोग्राम पहिल्या ओळीपासून सुरू करू शकते. अशा वेळी बोट अजून चापावरच असते. प्रोग्राम भोळा असेल तर 'चाप ओढलेला आहे' असे समजून तो पुन्हा मोटार चालू करतो, पुन्हा खड्डा पडतो आणि बंदूक आचके देत राहते. चिपच्या पुरवठ्यावर एक डायोड आणि कपॅसिटर ठेवून खड्डा बुजवता येतो. पण खरी शिस्त प्रोग्राममध्ये असावी लागते: वीज नव्याने मिळाल्यावर चाप एकदा सुटलेला दिसल्याशिवाय कोणत्याही ओढीला मोटार चालवायची नाही. वीज परत आली म्हणजे आज्ञा परत आली, असे होत नाही. हिमायतनगरच्या शेतकऱ्याचेही नुकसान हाच नियम मोडल्याने होते.

शेतीची थ्री फेज लाइट कधी दिवसा तर कधी रात्री, पाळीपाळीने येते. हळद, ऊस, हरभरा आणि गहू यांचे ओलित त्या पाळीवर चालते. रात्रीची पाळी असली की थंडीत, विंचूकाट्यातून विहिरीपर्यंत जायचे, हिरवे बटण दाबायचे आणि लाइट गेली की पुन्हा वाट पाहायची. स्टार्टरची रचना या बाबतीत शहाणी आहे. लाइट गेली की कॉईल सुटते, पॉइंट उघडतात आणि लाइट परत आली तरी मोटार स्वतःहून सुरू होत नाही. त्यासाठी नवे बटण दाबावे लागते. या शहाणपणाचा त्रास शेतकऱ्याला होतो, म्हणून तो स्टार्टरला 'ऑटो' बसवून घेतो. लाइट आली की ऑटो बटण दाबल्याचा निरोप स्वतःच देतो. एका शेतकऱ्यापुरती ही सोय आहे. सगळ्या शिवाराने ती केली की ती आपत्ती होते.

हिशेब साधा आहे. पाच अश्वशक्तीची मोटार चालताना साधारण ७ अँपिअर घेते. अशा वीस मोटारी एका डीपीवर, म्हणजे शिवारातल्या एका ट्रान्सफॉर्मरवर, असल्या तर १४० अँपिअर होतात, आणि ४१५ व्होल्टला त्यांचा भार सुमारे १०० केव्हीए भरतो. म्हणजे १०० केव्हीएची डीपी काठोकाठ भरते. सुरू होताना मात्र प्रत्येक मोटार पाच-सहा पट प्रवाह मागते. लाइट आल्याच्या क्षणी वीसही ऑटो एकदम लागले तर डीपीकडे पाचशे-सहाशे केव्हीएची मागणी जाते. व्होल्टेज कोसळतो, कोसळल्या व्होल्टेजवर मोटारी वेग घेऊ शकत नाहीत, आणि सुरुवातीचा तो जड प्रवाह क्षणात ओसरण्याऐवजी रेंगाळतो. वाइंडिंग तापते, डीपी जळते, आणि ती बदलून येईपर्यंत ऐन हंगामात वीसही शेते कोरडी राहतात. ऑटो काढा आणि कपॅसिटर बसवा, असे आवाहन महावितरण शेतकऱ्यांना वर्षानुवर्षे करते आहे, त्यामागे हे गणित आहे. शेतकऱ्याला ऑटो लागतो हेही तितकेच खरे आहे. मध्यरात्री विहिरीवर जाण्याची सक्ती कोणावर असू नये.

इथे प्रोग्राम करता येणारी चिप दोघांचेही म्हणणे राखू शकते. लाइट आल्यावर प्रत्येक ऑटोने वेगवेगळा वेळ थांबायचे, कोणी वीस सेकंद, कोणी दोन मिनिटे, कोणी पाच. वेळेचे हे वेगळेपण चिपच्या स्मृतीत एका आकड्याने ठेवता येते. मोटारी एकामागून एक लागतात, पहिलीचा धक्का ओसरल्यावर दुसरी सुरू होते, आणि तीच डीपी तोच भार वाहून नेते. त्याच चिपने तिन्ही फेज आहेत का हे पाहायचे. एक फेज गेलेली असताना मोटार चालवली तर उरलेल्या दोन फेजवर प्रवाह वाढून वाइंडिंग जळते. तिनेच प्रवाहही मोजत राहायचा. बोअरचे पाणी संपले की पाणबुडी मोटारीवरचा भार घटतो आणि प्रवाह खाली येतो. तो खाली आलेला दिसला की मोटार बंद करायची, कारण पाणबुडी मोटारीला थंड ठेवणारे पाणीच संपलेले असते. बंदुकीच्या चक्राला डोळा दिला तसा हा विहिरीला दिलेला डोळा आहे.

या वाटेवरचे पहिले ठळक पाऊल महाराष्ट्रात पुण्यात पडले. अभियंते संतोष ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश' नावाचे उपकरण तयार केले. शेतावरच्या स्टार्टरला ते जोडले की घरून साध्या मोबाईलवर मोटार चालू-बंद करता येते. पंपासाठी आपल्या आजोबांना करावी लागणारी पायपीट पाहून त्यांना ही कल्पना सुचली. २००९ साली नोकियाच्या जागतिक नवकल्पना स्पर्धेत त्याला पुरस्कार मिळाला. या उपकरणाचा मोठेपणा दुरून बटण दाबण्यात आहेच; त्याहून अधिक तो उलट निरोपात आहे. शेतावर लाइट आहे की नाही, हे ते फोनवर आवाजाच्या खुणेने कळवते. आज्ञा देणाऱ्याला आज्ञेचे काय झाले हे कळणे, हा चांगल्या चापाचा पाया आहे. पुढे सिमकार्डवर चालणारे मोबाईल स्टार्टर अनेक कंपन्यांनी काढले, आणि आज ते तालुक्याच्या दुकानात मिळतात.

शिवारात इलेक्ट्रॉनिक चापाचे दुसरे रूप धुऱ्यावर भेटते. पैनगंगेपलीकडे उमरखेडच्या बाजूला पैनगंगा अभयारण्याचे जंगल आहे. रानडुकरे आणि रोही रात्रीतून उभे पीक लोळवतात. त्यांच्यासाठी शेतकरी झटका मशीन लावतो. मशीनमधले मंडल बारा व्होल्टच्या बॅटरीवरून एक कपॅसिटर भरते. कपॅसिटर भरला की एससीआर नावाचा घटक त्याला वाट देतो, आणि ट्रान्सफॉर्मरमधून हजारो व्होल्टचा झटका तारेत जातो. एससीआरला एकदा चालू केले की तो आज्ञेने बंद होत नाही. त्यातला प्रवाह संपेल तेव्हाच तो थांबतो. तरी हे यंत्र सुरक्षित असते, कारण थांबणे आधीच मोजून ठेवलेले असते. कपॅसिटरमध्ये जेवढी ऊर्जा भरली तेवढीच तारेत जाते. अशा यंत्रांच्या आंतरराष्ट्रीय मानकात एका झटक्याची ऊर्जा जास्तीत जास्त ५ ज्यूल, त्याचा काळ फार तर १० मिलिसेकंद आणि दोन झटक्यांमध्ये साधारण एका सेकंदाची उसंत सांगितली आहे. त्या उसंतीत जनावर दचकून मागे सरते. माणसाचा हात तारेवर पडला तरी सोडवता येतो.

याच तारेत काही जण थेट लाइनचा करंट सोडतात. २३० व्होल्ट हा आकडा झटका मशीनच्या हजारो व्होल्टपेक्षा लहान दिसतो, म्हणून तो कमी धोक्याचा वाटतो. प्रत्यक्षात तो जिवावर बेततो, कारण त्याला थांबणे नाही. प्रवाह अखंड वाहतो, स्नायू आखडतात, हात तारेला चिकटून राहतो आणि हृदयाची लय मोडते. डुकरासाठी लावलेल्या तारेवर पहाटे ओलिताला निघालेला शेजारी, कधी स्वतः मालक, कधी त्याचे मूल मरून पडते, वाघ-बिबटेही मरतात. हा गुन्हा आहे, आणि गुन्ह्यापलीकडे तो शेजारधर्माचा घात आहे. सौर कुंपणासाठी राज्य शासनाची अनुदान योजना आहे; मोजून झटका देणारे मशीन आता परवडण्याच्या पल्ल्यात आले आहे. तारेत थेट लाइन सोडण्याला गरिबीची सबब पुरत नाही.

खर्चाचा विचार केला तर बंदुकीच्या चापासाठी एक चिप, दोन मॉसफेट, एक डायोड, एक व्होल्टेज रेग्युलेटर, सेन्सर आणि मूठभर रेझिस्टर-कपॅसिटर लागतात. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हे सामान काही शे रुपयांत मिळते, आणि कुरिअरने तालुक्याच्या गावीही येते. परदेशी कंपन्यांची तयार युनिटे घ्यायची तर खर्च हजारो रुपयांत जातो. स्वस्ताईची किंमत मात्र दुसरीकडे मोजावी लागते: वेळ, कसोटी आणि धीर. पहिली चाचणी मोटारीऐवजी लहान बल्ब जोडून करावी. दुसरी स्प्रिंग काढलेल्या यंत्रावर करावी. बॅटरीच्या वाटेत फ्यूज असावा. चाप दाबलेला असताना बॅटरी जोडून पाहावी, चालत्या मोटारीत सेन्सरची तार काढून पाहावी, बॅटरी जवळजवळ संपवून पाहावी. यंत्र चालते हे एका ओढीत कळते. ते थांबते हे कळायला मुद्दाम बिघाड घडवावे लागतात. शेतातल्या मोटारीचे मंडल मात्र ४१५ व्होल्टवर असते. तिथे प्रयोग करण्याचा अधिकार परवानाधारक इलेक्ट्रिशियनलाच आहे, आणि शिकणाऱ्याने त्याच्या सोबतीने व मुख्य स्विच पाडूनच हात घालावा.

बंदुकीच्या बाबतीत कायद्याचीही मर्यादा आहे. १९५९चा शस्त्र अधिनियम आणि २०१६चे शस्त्र नियम हवेच्या बंदुकांनाही लागू होतात. ऊर्जा आणि नळीचा व्यास यांच्या मर्यादा त्यांत घातल्या आहेत. खेळातली बंदूक खरीसारखी दिसत असेल तर ती रस्त्यावर, स्टेशनावर किंवा यात्रेत बाहेर काढणे स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या जिवाशी खेळणे आहे. इलेक्ट्रॉनिक्स शिकायला बंदूकच हवी असेही नाही. तीन अवस्थांचा तोच प्रोग्राम, तोच मॉसफेट आणि तोच सेन्सर बारा व्होल्टच्या फवारणी पंपावर किंवा घराच्या टाकीवर तितकाच चांगला शिकता येतो.

नांदेडला विष्णुपुरीत श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था १९८१पासून उभी आहे. इन्स्ट्रुमेंटेशन आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली मुले तिथून दर वर्षी बाहेर पडतात. तालुक्यांच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन आणि वायरमन निघतात. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानांत जळालेल्या वाइंडिंगचा वास घेऊन कारण सांगणारे कारागीर आहेत. या तिघांनी एका टेबलाशी बसावे एवढाच अवकाश आहे. एका डीपीवरच्या वीस शेतकऱ्यांनी आपल्या ऑटोंना वेगवेगळी वेळ लावून घेतली तर तो खर्च डीपी जळण्याच्या एका हंगामापुढे किरकोळ ठरतो. हिमायतनगरच्या तरुणांनी पहिला प्रोग्राम लिहावा तो आपल्या शिवारातल्या ऑटोसाठी, आणि त्यात सुरू करण्याची ओळ लिहिण्याआधी थांबण्याची ओळ लिहावी.